काळ्या ऑस्ट्रेलियाची कविता आणि तिला जगविणारी माणसे

ऑस्ट्रेलियाच्या दहा डॉलरच्या नोटेवर एका बाजूला बँजो पॅटरसन हे कवी आहेत, तर दुसऱ्या बाजूला डेम मेरी गिल्मोर या कवयित्री. त्यांच्या कवितांच्या ओळी नोटेवर इतक्या बारीक अक्षरांत छापल्या आहेत की भिंगाशिवाय वाचता येत नाहीत. खोटी नोट ओळखता यावी म्हणून केलेली ती योजना आहे. मी वाणिज्य शाखेचा, टेबलावर फायली हलविणारा माणूस. नोट हातात आली की पहिला आकडा पाहायचा, ही आमची सवय. पण ज्या देशाने एका नोटेच्या दोन्ही बाजू कवींना देऊन टाकल्या, त्या देशातील कवितेविषयी कुतूहल वाटणे साहजिक आहे.

मात्र वाचक बंधू-भगिनींनो, त्याच देशाची पन्नास डॉलरची नोट अधिक बोलकी आहे. तिच्यावर डेव्हिड युनायपन यांचे चित्र आहे. हे नगॅरिंजेरी जमातीचे, म्हणजे तेथील मूळ रहिवाशांपैकी. त्यांचा जन्म १८७२ सालचा, दक्षिण ऑस्ट्रेलियातील एका मिशनच्या वस्तीत. मेंढ्यांची लोकर कातरण्याच्या यंत्रात त्यांनी मोठी सुधारणा केली. पैसा मात्र त्यांना मिळाला नाही. पुढे गावोगाव हिंडून त्यांनी आपल्या लोकांच्या कथा लिहून काढल्या. ते हस्तलिखित एका प्रकाशन संस्थेने विकत घेतले आणि एका गोऱ्या डॉक्टरला दिले. १९३० साली लंडनमध्ये ग्रंथ निघाला तो त्या डॉक्टरच्या नावावर! युनायपन यांचे नाव त्यात कोठेच नव्हते. त्यांच्या स्वतःच्या नावाने तो ग्रंथ वाचकांच्या हाती पडला २००१ साली. तोपर्यंत त्यांच्या मृत्यूला चौतीस वर्षे झाली होती, आणि नोटेवर त्यांचे चित्र येऊनही सहा वर्षे लोटली होती.

नोटेवर चित्र मिळाले, पण पुस्तकावर नाव मिळायला सत्तर वर्षे लागली. ऑस्ट्रेलियातील आजच्या कवितेकडे पाहायचे तर याच ठिकाणी उभे राहून पाहिले पाहिजे. कारण त्या देशात आज जी कविता सर्वाधिक चर्चेत आहे, पुरस्कार मिळवीत आहे, तरुणांना जवळची वाटते आहे, ती मोठ्या प्रमाणात या काळ्या, मूळ रहिवासी समाजातून आलेली आहे.

मोजणीत नसलेली माणसे

२६ जानेवारी हा आपल्याकडे राज्यघटनेचा दिवस. ऑस्ट्रेलियातही तो राष्ट्रीय सुट्टीचा दिवस आहे, पण कारण वेगळे. १७८८ साली त्या तारखेला इंग्रजांनी सिडनीच्या किनाऱ्यावर आपला झेंडा रोवला. तेथे हजारो वर्षांपासून माणसे राहत होती आणि अडीचशेहून अधिक भाषा बोलल्या जात होत्या. तरीही ही जमीन कोणाच्याच मालकीची नाही, असे धरून ती ताब्यात घेण्यात आली. हे गृहीतक तेथील सर्वोच्च न्यायपीठाने खोडून काढले ते ३ जून १९९२ रोजी, एडी माबो यांनी आपल्या बेटासाठी लढविलेल्या खटल्यात. निकाल ऐकायला माबो हयात नव्हते. काही महिने आधीच त्यांचे निधन झाले होते.

१९०१ साली त्या देशाची घटना अमलात आली. देशाची लोकसंख्या मोजताना मूळ रहिवाशांना त्यात धरू नये, असे एक कलमच तिच्यात होते. मेंढ्यांची मोजदाद होत होती, माणसांची नाही! हे कलम २७ मे १९६७ रोजी सार्वमताने रद्द झाले. नव्वद टक्क्यांहून अधिक मतदारांनी ‘होय’ म्हटले. हे मत घडविण्यासाठी जी माणसे दहा वर्षे देशभर फिरली, त्यांत एक कवयित्री होती.

घरकाम करणारी मुलगी

तिचे नाव कॅथ वॉकर. पुढे तिने ते टाकून ऊडगेरू हे आपल्या भाषेतील नाव घेतले. ऊडगेरू म्हणजे ज्याची साल कागदासारखी निघते ते झाड. नूनुकल ही तिची जमात. जन्म ३ नोव्हेंबर १९२०, क्वीन्सलँडच्या किनाऱ्याजवळील मिंजेरिबा बेटावर. ती डावखुरी होती, म्हणून शाळेत शिक्षा होई. तेराव्या वर्षी शाळा सुटली आणि ब्रिस्बेन शहरात गोऱ्यांच्या घरी धुणीभांडी सुरू झाली. मूळ रहिवासी मुलीने याहून अधिक काही करावे अशी सोयच तेथे नव्हती. दुसऱ्या महायुद्धात ती सैन्याच्या महिला दलात भरती झाली. गोऱ्यांच्या बरोबरीने वागणूक तिला प्रथम तेथे अनुभवास आली.

१९६३ साली मूळ रहिवाशांच्या हक्कांसाठी एक शिष्टमंडळ पंतप्रधान मेन्झीस यांना भेटले. पंतप्रधानांनी आदरातिथ्य म्हणून पेयाचा प्याला पुढे केला. तेव्हा ऊडगेरूंनी त्यांना सांगितले, की माझ्या क्वीन्सलँडमध्ये एखाद्या काळ्या माणसाला मद्य दिलेत तर तुम्ही तुरुंगात जाल. पंतप्रधान चकित झाले. आपल्याच देशातील कायदा त्यांना ठाऊक नव्हता.

पुढच्याच वर्षी, १९६४ मध्ये, ‘वी आर गोइंग’ हा त्यांचा कवितासंग्रह ब्रिस्बेनच्या जॅकरँडा प्रेसने काढला. ऑस्ट्रेलियातील मूळ रहिवासी व्यक्तीचा छापला गेलेला हा पहिला कवितासंग्रह. त्याच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या. ज्या देशात कवितेची पुस्तके शे-दोनशेने खपत, तेथे या पुस्तकाच्या हजारो प्रती गेल्या.

आणि टीकाकार? ते म्हणाले, ही कविता नव्हे, हा प्रचार आहे. काहींनी तर हे तिने स्वतः लिहिले असेल का, अशीही शंका घेतली. वाचकहो, ही टीका आपल्या कानांना नवी नाही. आपल्या कवींनी वस्तीची भाषा कागदावर उतरवली तेव्हा प्रस्थापितांनी हेच शब्द वापरले होते. ऊडगेरूंनी त्यावर रागावण्याऐवजी ते मान्यच करून टाकले. आपली कविता साधी आहे, घोषणेसारखी आहे, हक्कांची आहे, असे त्या स्वतःच सांगत. ज्यांच्यासाठी लिहिले त्यांना ती समजली, एवढे त्यांना पुरेसे होते.

येथे एका गोऱ्या कवयित्रीचे नाव आदराने घेतले पाहिजे. ज्युडिथ राइट. त्या जॅकरँडा प्रेससाठी हस्तलिखिते वाचून मत देत असत. ऊडगेरूंच्या कविता छापाव्यात असा आग्रह त्यांनी धरला. राइट यांचे घराणे मोठ्या जमीनदारांचे. आपल्या पूर्वजांनी घेतलेली जमीन कोणाची होती, हा प्रश्न त्यांनी आयुष्यभर स्वतःला विचारला आणि त्यावर ‘द क्राय फॉर द डेड’ हा इतिहासग्रंथही लिहिला. मूळ रहिवाशांशी सरकारने करार करावा या मागणीसाठी नेमलेल्या समितीत त्या काम करीत होत्या. एकीचे पूर्वज जमीन घेणारे, दुसरीचे जमीन गमावणारे, आणि या दोघींची मैत्री आयुष्यभर टिकली.

१९७० साली ऊडगेरूंना इंग्लंडच्या राणीकडून एमबीई हा किताब मिळाला. गोऱ्यांच्या आगमनाला दोनशे वर्षे झाल्याचा उत्सव १९८८ साली व्हायचा होता. त्याच्या निषेधार्थ त्यांनी तो आधीच परत केला. त्या आपल्या बेटावर परतल्या आणि तेथे एक जागा मांडली. मूंगाल्बा तिचे नाव, म्हणजे बसण्याची जागा. देशभरातून हजारो मुले, काळी-गोरी दोन्ही, तेथे येऊन राहिली. झाडे ओळखायला, मासे धरायला, गोष्टी ऐकायला शिकली. १६ सप्टेंबर १९९३ रोजी ऊडगेरूंचे निधन झाले.

गजाआडून आलेले शब्द

ऑस्ट्रेलियाच्या लोकसंख्येत मूळ रहिवासी चार टक्क्यांहून कमी आहेत. तुरुंगातील कैद्यांमध्ये मात्र त्यांचे प्रमाण सुमारे एक तृतीयांश आहे. आकड्यांची सवय असलेल्या माणसाला या दोन संख्यांमधील अंतरातच सारा इतिहास दिसतो. त्यामुळे तेथील कवितेचा एक मोठा प्रवाह तुरुंगातून आला, याचे नवल वाटायला नको.

केव्हिन गिल्बर्ट हे विराजुरी जमातीचे. १९५७ साली पत्नीच्या हत्येबद्दल त्यांना जन्मठेप झाली आणि चौदा वर्षे ते आत होते. तो गुन्हा लपविण्याचे कारण नाही. पण चार-पाच इयत्ता शिकलेला तो शेतमजूर तुरुंगात वाचायला लागला, लिहायला लागला. तेथील जमिनीवरचे जुने लिनोलियम कापून, चमच्यापासून आणि खिळ्यापासून हत्यारे बनवून त्यांनी चित्रांचे ठसे कोरले. १९७१ साली सुटका झाली आणि पुढे ते हक्कांच्या चळवळीतले अग्रणी झाले. १९८८ साली, दोनशे वर्षांचा उत्सव चालू असताना, त्यांनी ‘इनसाइड ब्लॅक ऑस्ट्रेलिया’ हा मूळ रहिवासी कवींचा संग्रह संपादित केला. विखुरलेले, कोणी हातपत्रकावर तर कोणी वहीत लिहिलेले आवाज त्यामुळे एका पुस्तकात आले. त्याच पुस्तकासाठी त्यांना मानवी हक्क पुरस्कार जाहीर झाला तो त्यांनी घेतला नाही. माझ्या लोकांना मानवी हक्कच नाहीत तर पुरस्कार कसला, ही त्यांची भूमिका होती.

त्यानंतर वर्षभरातच, १९८९ साली, क्वीन्सलँड विद्यापीठाच्या प्रकाशन विभागाने एक पुरस्कार सुरू केला. ज्या मूळ रहिवासी लेखकाचे पुस्तक अजून छापलेले नाही त्याच्या हस्तलिखिताला हा पुरस्कार, आणि पुरस्कार म्हणजे पुस्तक छापण्याची हमी. नाव दिले डेव्हिड युनायपन यांचे. ज्यांचे हस्तलिखित दुसऱ्याच्या नावावर गेले, त्यांच्या नावाने आता नवख्यांची हस्तलिखिते छापली जाऊ लागली. पहिला मानकरी ठरला ग्रॅम डिक्सन, फ्रीमँटलच्या तुरुंगात कविता लिहू लागलेला नूंगार तरुण.

इंग्रजी मोडणारा कवी

भाषेचा प्रश्न येथे फार टोकदार आहे. ज्यांच्या भाषा मिशनच्या शाळांत मारून विसरायला लावल्या, त्यांनी कविता लिहायची कोणत्या भाषेत? हातात उरली ती इंग्रजी. ती तर मारणाऱ्याची भाषा.

लायनेल फोगार्टी यांनी यावर आपला मार्ग काढला. त्यांचा जन्म क्वीन्सलँडमधील चेरबर्ग येथे झाला. निरनिराळ्या जमातींच्या लोकांना उचलून आणून ठेवण्याची ती सरकारी वस्ती होती. ‘कारगुन’ हा त्यांचा पहिला संग्रह १९८० सालचा. त्यांच्या कवितेत इंग्रजीचे व्याकरण जागोजागी मोडलेले आहे. क्रियापद भलत्या ठिकाणी येते, मध्येच आपल्या जमातीचा शब्द येतो, ओळ अर्धवट तुटते. इंग्रजी उत्तम येणारा माणूसही अडखळतो. काहींना वाटले याला भाषा येत नाही. खरे तर हे मुद्दाम केलेले आहे. तुम्ही आमची जमीन मोडलीत, आता आम्ही तुमची भाषा मोडतो, असा तो व्यवहार आहे. वाचणारा अडखळावा, हाच हेतू. आपली कविता दुर्बोध ठेवणाऱ्या कवींविषयी मला एरवी फारशी आस्था नाही, पण येथे दुर्बोधतेला कारण आहे.

७ नोव्हेंबर १९९३ रोजी ब्रिस्बेनमध्ये फोगार्टी यांचा अठरा वर्षांचा भाऊ डॅनियल योक पोलिसांच्या ताब्यात असताना मरण पावला. तो नर्तक होता. त्याच्या दोनच वर्षे आधी, १९९१ मध्ये, कोठडीतील मृत्यूंची चौकशी करणाऱ्या आयोगाने नव्व्याण्णव मृत्यू तपासून ३३९ शिफारशी केल्या होत्या. अहवाल छापून तयार होता आणि कवीच्या घरातला मुलगा गेला. फोगार्टींची त्यानंतरची कविता या मृत्यूला बाजूला ठेवून वाचता येत नाही.

आई शोधणारी लेक

आपल्या माता-भगिनींनी विशेष वाचावी अशी एक हकीकत आता सांगतो. ऑस्ट्रेलियात अनेक दशके असा रिवाज होता, की मूळ रहिवासी आईची मुले, विशेषतः उजळ रंगाची, सरकार किंवा मिशन घेऊन जाई आणि गोऱ्यांच्या संस्थेत वा घरात वाढवी. या मुलांना ‘चोरलेल्या पिढ्या’ म्हणतात. १९९७ साली याविषयीचा चौकशी अहवाल आला आणि १३ फेब्रुवारी २००८ रोजी पंतप्रधान केव्हिन रड यांनी संसदेत माफी मागितली.

अली कॉबी एकरमन या कवयित्रीचा जन्म १९६३ सालचा. त्या तान्ह्या असतानाच दत्तक दिल्या गेल्या. त्यांची आईही लहानपणी अशीच तोडली गेली होती. आणि अलींनी स्वतः तरुणपणी मुलाला जन्म दिला तेव्हा तोही दत्तक गेला. एका घरात पिढ्यान्पिढ्या आई आणि मूल यांची ताटातूट! आपली आई अलींना सापडली ती तिशी ओलांडल्यावर. मुलगाही पुढे भेटला. या शोधातून त्यांची कविता आली. ‘इनसाइड माय मदर’ हे २०१५ च्या संग्रहाचे नावच सारे सांगते. त्याआधीच्या ‘रूबी मूनलाइट’ या काव्यकथेला २०१३ साली न्यू साउथ वेल्स राज्याचा ‘वर्षातील सर्वोत्तम पुस्तक’ हा मान मिळाला होता.

एवढे होऊनही २०१७ साली अली एकरमन बेकार होत्या आणि ॲडलेड शहरात चाकांवरच्या घरात, कॅरव्हानमध्ये राहत होत्या. एके दिवशी अमेरिकेतील येल विद्यापीठाकडून पत्र आले, की तुम्हाला विंडहॅम-कॅम्पबेल पुरस्कार मिळाला आहे, रक्कम एक लाख पासष्ट हजार अमेरिकन डॉलर. या पुरस्कारासाठी अर्ज करावा लागत नाही, नाव कोणी सुचविले हेही कवीला कळत नाही. त्यामुळे त्यांचा प्रथम विश्वासच बसला नाही. पुढे २०२३ मध्ये आलेल्या ‘शी इज द अर्थ’ या पुस्तकालाही वर्षातील सर्वोत्तम पुस्तकाचा तोच राज्य पुरस्कार मिळाला. परंतु मला पुरस्काराइतकीच मोलाची वाटते ती त्यांची दुसरी कृती. कुलुंगा नावाच्या खेड्यातील एक जुने किराणा दुकान त्यांनी घेतले आणि तेथे मूळ रहिवासी लेखकांना येऊन राहण्यासाठी, लिहिण्यासाठी जागा केली. स्वतःला घर नव्हते त्या बाईने इतरांना बसायला जागा दिली.

परीक्षेतील आंबा

नव्या पिढीची गोष्ट एका आंब्यापासून सुरू होते. २०१७ साली न्यू साउथ वेल्समध्ये बारावीच्या इंग्रजीच्या प्रश्नपत्रिकेत एलेन वॅन नीर्व्हन या तरुण मूळ रहिवासी साहित्यिकाची ‘मँगो’ ही छोटी कविता आली. परीक्षा संपल्यावर काही विद्यार्थ्यांनी कवितेचा राग काढला तो लिहिणाऱ्यावर. समाजमाध्यमांतून शिव्या, वंशद्वेषी टवाळी आणि चित्रे पाठविली. आपली कविता प्रश्नपत्रिकेत आहे हे वॅन नीर्व्हन यांना ठाऊकही नव्हते!

पण यापुढे जे झाले ते महत्त्वाचे. देशातील लेखक, शिक्षक, वाचक पाठीशी उभे राहिले. निषेध झाला, लेख आले. त्या आंब्याच्या कवितेचे नाव ज्यांनी ऐकले नव्हते त्यांनीही ती शोधून वाचली. २०२१ साली वॅन नीर्व्हन यांच्या ‘थ्रोट’ या संग्रहाला राज्याचा सर्वोत्तम पुस्तकाचा पुरस्कार मिळाला. या लेखणीचे पहिले पुस्तकही युनायपन पुरस्कारातूनच आले होते.

स्टेला पुरस्कार हा तेथील लेखिकांचा मोठा सन्मान. २०१३ पासून तो दिला जातो, पण त्यात कवितेला जागा नव्हती. २०२२ साली प्रथमच कवितेची पुस्तके घेतली गेली आणि त्याच वर्षी बाजी मारली एव्हलिन अरालुएन यांच्या ‘ड्रॉपबेअर’ या पहिल्याच संग्रहाने. ऑस्ट्रेलियातील लहान मुलांच्या पुस्तकांत निलगिरीची झाडे, गोंडस फुलबाळे, हसरे प्राणी असतात. नसतो तो तेथे राहणारा काळा माणूस. ज्या गोष्टी ऐकत आपण वाढलो त्यांत आपणच का नव्हतो, असा प्रश्न हे पुस्तक थट्टेने आणि चिडून विचारते. आपल्या घरातील मुलांची गोष्टींची पुस्तके एकदा या नजरेने चाळून पाहावीत.

कविता जगविणारा समाज

कवी एकटा लिहितो हे खरे. पण कविता एकट्याने जगत नाही. ऑस्ट्रेलियाचे उदाहरण घेण्यासारखे आहे ते याच बाबतीत.

वायव्येकडील ब्रूम या दूरच्या गावी मगाबाला बुक्स ही प्रकाशन संस्था १९८७ पासून आहे. ती मूळ रहिवाशांची स्वतःची. ‘रूबी मूनलाइट’ तिनेच छापले. सिडनीची रेड रूम पोएट्री ही संस्था २००३ साली सुरू झाली. ती शाळांत आणि तुरुंगांत कवींना घेऊन जाते. २०२१ पासून दर ऑगस्ट महिना ती कविता महिना म्हणून साजरा करते. या दोघींच्या सहकार्याने जनीन लीन यांनी संपादित केलेला ‘गुवायू’ हा संग्रह २०२० साली आला. त्यात मूळ रहिवाशांच्या अनेक भाषांतील कविता आहेत. ज्या भाषा मेल्या असे सांगितले गेले, त्या पुन्हा कागदावर आल्या. ॲडलेडमध्ये फ्रेंडली स्ट्रीट या नावाने १९७५ पासून कवी एकत्र जमून वाचन करीत आले आहेत.

आणि स्लॅम! हा शब्द आपल्याकडे शहरातील मुलांना आता माहीत झाला आहे. ऑस्ट्रेलियन स्लॅममध्ये प्रत्येकाला दोन मिनिटे मिळतात. वाद्य नाही, सोंग नाही, फक्त आवाज. परीक्षक पाच, आणि तेही प्रेक्षकांतूनच उचललेले. कोणी दुकानदार, कोणी परिचारिका, कोणी विद्यार्थी. ते दहापैकी गुण देतात. पश्चिम सिडनीतील बँक्सटाउन हा स्थलांतरित कष्टकऱ्यांचा भाग. वर्तमानपत्रांत त्याचे नाव येई ते बहुधा गुन्ह्यांच्या बातम्यांत. तेथे २०१३ साली सारा मन्सूर आणि अहमद अल रादी या दोन तरुणांनी दरमहा स्लॅम सुरू केला. अरब, आफ्रिकी, आशियाई घरांतील मुले-मुली शेकड्यांनी जमू लागली. बुरखा घेतलेली मुलगी आणि टोपी उलटी घातलेला मुलगा एकाच ध्वनिक्षेपकापुढे रांगेत. त्याच पश्चिम सिडनीत वाढलेले ओमर साकर यांना २०२० साली कवितेचा पंतप्रधान साहित्य पुरस्कार मिळाला.

अशा कार्यक्रमांची सुरुवात एका रीतीने होते. ज्या जमातीच्या जमिनीवर आपण बसलो आहोत तिचे नाव घेऊन तिच्या वडीलधाऱ्यांना वंदन केले जाते. कोणी म्हणेल हा उपचार आहे. उपचार असेलही. १४ ऑक्टोबर २०२३ रोजी सार्वमत झाले, की मूळ रहिवाशांना संसदेपुढे आपले म्हणणे मांडणारी एक समिती घटनेने द्यावी काय. सुमारे साठ टक्के मतदारांनी ‘नाही’ म्हटले आणि सहाही राज्यांत प्रस्ताव पडला. १९६७ च्या नव्वद टक्के ‘होय’ नंतर हे ‘नाही’. सभागृहात वंदन करणारे हात मतपेटीपाशी वेगळे वागतात, हे तेथील कवींनाही आता पुरते कळले आहे. तरी कविता थांबलेली नाही.

१९७२ चा धागा

२६ जानेवारी १९७२ रोजी कॅनबेराच्या संसद भवनासमोरील हिरवळीवर काही काळ्या तरुणांनी एक छत्री रोवली आणि हा आमचा दूतावास आहे, असे जाहीर केले. आपल्याच देशात आपण परके, म्हणून दूतावास! त्याच सुमारास ब्रिस्बेनमध्ये ऑस्ट्रेलियाची ब्लॅक पँथर पार्टी उभी राहिली. तिचे संस्थापक होते डेनिस वॉकर, म्हणजे ऊडगेरूंचे चिरंजीव, आणि सॅम वॉटसन. आणि त्याच वर्षी आपल्या मुंबईत दलित पँथर जन्माला आली, नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला. दोघांनी नाव घेतले ते अमेरिकेतील काळ्या बांधवांकडून. दोन्हीकडे पँथरच्या आगेमागे कवी होते. सॅम वॉटसन यांचा मुलगा सॅम्युअल वॅगन वॉटसन हा पुढे नामवंत कवी झाला. त्याचाही जन्म १९७२ चाच.

गेल्या दशकात मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठातील मृदुला नाथ चक्रवर्ती यांनी भारतातील दलित, आदिवासी लेखक आणि तेथील मूळ रहिवासी लेखक यांची गाठ घालून देणारा उपक्रम केला. ही ओळख अजून विद्यापीठाच्या पातळीवरच आहे. ती वस्तीपर्यंत यायला हवी. इंग्रजी घेऊन पदवीधर झालेल्या आपल्या मुला-मुलींनी ऊडगेरूंच्या, एकरमन यांच्या कविता मराठीत आणाव्यात. काम मोठे आहे, पण एका वेळी एक कविता एवढे तर जमेल.

आणि दुसरे काम तर घरच्या घरी होण्यासारखे. आपल्या आजीला, आत्याला, मावशीला जात्यावरच्या ओव्या, बाबासाहेबांची गाणी, पाळणे आजही मुखोद्गत आहेत. ती कोणीतरी पुढे कुठल्या तरी ग्रंथात छापील, आणि त्यावर नाव दुसऱ्याचेच असेल. युनायपन यांचे काय झाले ते आपण वाचले. म्हणून येत्या रविवारी एक वही घ्या, आजीजवळ बसा आणि ती म्हणेल ते तिच्याच शब्दांत उतरवून घ्या. शब्द सुधारू नका. आणि प्रत्येक पानाच्या वर, कचेरीच्या नोंदवहीत लिहितात तसे, तीन गोष्टी न विसरता लिहा : तिचे पूर्ण नाव, तिचे गाव आणि तारीख.